संदेशांचे दप्तर : ठेवावे काय आणि ठरवावे कोणी?

हवा तो कागद हव्या त्या वेळी हाती लागावा, यासाठी लावलेली व्यवस्था म्हणजे दप्तर. आदिलाबाद परिसरातील रहिवाशांना या व्यवस्थेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या वेळी हैदराबाद राज्यातील या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आदिलाबादकडे आली आणि हा जिल्हा आंध्र प्रदेशाचा भाग झाला. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. या प्रत्येक बदलात जमीन जागच्या जागी राहिली. परंतु तिचा कागद कोणत्या कचेरीत पाहावयाचा, हे मात्र बदलत गेले. ज्यांनी आपले कागद जपून ठेवले होते, त्यांची पायपीट वाचली.

आता कागदाचे पुष्कळसे काम संदेशाने होऊ लागले आहे. कापसाच्या हमीभाव खरेदीसाठी भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामात ‘कपास किसान’ या अ‍ॅपद्वारे नोंदणीची पद्धत सुरू केली. त्यामुळे नोंदणी आणि माल आणण्याचा दिवस यांची माहिती शेतकऱ्याला दूरध्वनीच्या पडद्यावर पाहावी लागते. शाळेची सूचना, बँकेची नोंद, दवाखान्याची तारीख हेही असेच येते. सीमेवरील केरामेरी भागातील काही गावांत तर दोन राज्यांचा कारभार पोहोचतो आणि एकाच घरात मराठी व तेलुगू अशा दोन्ही भाषांतील सूचना येतात. यांपैकी कोणता संदेश जपावा, कोणता पुसावा, आणि हा निर्णय संदेश पाठविणाऱ्याचा, घेणाऱ्याचा की मधल्या यंत्रणेचा, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. या प्रश्नाचे उत्तर यंत्रणेची आखणी करतानाच द्यावे लागते. ते कसे दिले जाते आणि कसे दिले जावे, याची माहिती पुढे दिली आहे.

संदेश कोठे साठतो?

एका दूरध्वनीवरून दुसऱ्या दूरध्वनीवर संदेश जातो, तेव्हा तो सहसा थेट जात नाही. मध्ये सेवा पुरविणाऱ्या संस्थेचा संगणक असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. टपालाच्या व्यवस्थेत डाकघराचे जे स्थान, तेच येथे सर्व्हरचे. फरक एवढाच की, डाकघर पत्र पोहोचते करून मोकळे होते. सर्व्हर त्याची नक्कल स्वतःजवळ ठेवू शकतो. अशा रीतीने एका संदेशाच्या किमान तीन प्रती संभवतात : पाठविणाऱ्याच्या दूरध्वनीतील, सर्व्हरवरील आणि घेणाऱ्याच्या दूरध्वनीतील. दोन्ही व्यक्ती वेगवेगळ्या संस्थांची सेवा घेत असतील, तर सर्व्हरही दोन असतात आणि प्रती चार होतात.

सर्व्हरवर नक्कल ठेवण्याचा लाभ उघड आहे. दूरध्वनी हरवला, पाण्यात पडला किंवा नवा घेतला, तरी मागील संभाषण परत मिळते. एकच खाते दूरध्वनी व संगणक अशा दोन ठिकाणी वापरणाऱ्याला दोन्हीकडे सारखेच दप्तर दिसते. धोकाही तितकाच उघड आहे. जे साठविले आहे ते कोणीतरी पाहू शकते, चोरू शकते किंवा मागू शकते.

निरनिराळ्या सेवांनी या बाबतीत निरनिराळे मार्ग पत्करले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर न पोहोचलेला संदेश तीस दिवसांपर्यंत राहतो आणि पोहोचलेला काढून टाकला जातो, असे त्या कंपनीचे धोरण आहे. जुने संभाषण दूरध्वनीत आणि वापरणाऱ्याने घेतलेल्या राखीव प्रतीत राहते. ठरावीक मुदतीनंतर संदेश नाहीसे व्हावेत अशी सोय तिने २०२० मध्ये सात दिवसांसाठी दिली आणि २०२१ मध्ये तीत चोवीस तास व नव्वद दिवस या मुदतींची भर घातली. टेलिग्रामची नेहमीची संभाषणे मात्र सर्व्हरवरच साठतात.

संकेतनियम आणि पसंती

दोन संगणकांनी परस्परांशी कोणत्या भाषेत व कोणत्या क्रमाने बोलावे, याच्या ठरावीक नियमांना प्रोटोकॉल किंवा संकेतनियम म्हणतात. संदेशवहनासाठी ‘एक्सएमपीपी’ नावाचा खुला संकेतनियम आहे. त्याचा उगम १९९९ च्या सुमारास जॅबर या नावाने झाला आणि २००४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे रूप मिळाले. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. कोणतीही शाळा, संस्था अथवा कार्यालय त्यानुसार स्वतःचा सर्व्हर चालवू शकते. त्याचे नियम सर्वांना वाचावयास खुले असल्याने, दप्तर ठेवण्याबाबत वापरणाऱ्याची पसंती यंत्राला कशी सांगावयाची, हे त्यावरून चांगले समजते.

या कामाचा पहिला मोठा प्रयत्न २००४ पासून विस्तार क्रमांक ०१३६ या नावाने झाला. त्याच्या कर्त्यांनी वापरणाऱ्याला शक्य तितके अधिकार देण्याचे ठरविले. प्रत्येक व्यक्तीसाठी संपूर्ण संदेश ठेवावा, फक्त मजकूर ठेवावा की काहीच ठेवू नये. किती सेकंदांनी तो पुसावा. नक्कल सर्व्हरवर असावी की स्वतःच्या यंत्रात. आणि समोरच्याने ‘याची नोंद नको’ असे म्हटल्यास काय करावे, हे सारे निवडता येई. शेवटच्या एका प्रश्नासाठीच सहा निरनिराळ्या भूमिका नेमून दिल्या होत्या. कागदावर ही योजना परिपूर्ण होती. व्यवहारात ती सर्व्हर लिहिणाऱ्यांना पेलली नाही आणि सामान्य वापरणाऱ्याला समजण्यासारखीही नव्हती. अखेर ती मागे पडली.

२०१२ पासून विस्तार क्रमांक ०३१३ पुढे आला. त्याने पसंतीचा सारा पसारा एक नियम आणि दोन याद्या एवढ्यावर आणला. पुढे २०२० मध्ये पसंतीचा भाग ०४४१ या स्वतंत्र विस्तारात नेण्यात आला. तत्त्व मात्र तेच राहिले.

एक नियम, दोन याद्या

पहिली गोष्ट म्हणजे एरवीचा नियम. ज्यांच्याविषयी वेगळे काही सांगितलेले नाही, अशा सर्वांना तो लागू होतो. त्यासाठी तीनच पर्याय आहेत : ‘नेहमी ठेवा’, ‘कधीही ठेवू नका’ आणि ‘संपर्कयादीत नाव असेल तरच ठेवा’. त्यानंतर अपवादाच्या दोन याद्या येतात. पहिल्या यादीतील व्यक्तींचे संदेश एरवीचा नियम काहीही असला तरी ठेवावयाचे. दुसऱ्या यादीतील व्यक्तींचे कधीही ठेवावयाचे नाहीत. संदेश आला की सर्व्हर प्रथम या दोन याद्या पाहतो. नाव कोठेच नसेल, तर एरवीच्या नियमाप्रमाणे वागतो.

उटनूर भागातील एका शिक्षिकेचे उदाहरण कल्पून पाहू. तिने ‘संपर्कयादीत नाव असेल तरच ठेवा’ हा नियम निवडला. शिक्षण कार्यालयाचा पत्ता तिच्या संपर्कयादीत नाही. परंतु तेथील आदेश हवे असतात, म्हणून तो तिने पहिल्या यादीत घातला. आपल्या प्रकृतीविषयी ती एका मैत्रिणीशी बोलते; ते बोलणे साठू नये म्हणून मैत्रिणीचे नाव दुसऱ्या यादीत घातले. अनोळखी विक्रेत्यांच्या जाहिराती आपोआप वगळल्या गेल्या. येथवर सर्व सुरळीत झाले.

आता शाळेत एक नवीन विद्यार्थी दाखल झाला आणि त्याच्या पालकांनी शिक्षिकेला पहिलाच संदेश पाठविला : मुलाला अमुक औषध चालत नाही. पालकांचे नाव संपर्कयादीत नाही. संदेश शिक्षिकेच्या दूरध्वनीवर पोहोचला, तिने तो वाचलाही; परंतु सर्व्हरच्या दप्तरात तो नोंदला गेला नाही. पुढे दूरध्वनी बिघडला, तर हा संदेश परत मिळणार नाही. नियमाने आपले काम चोख केले, तरीही जपावयाची गोष्ट निसटली.

इतर दोन पर्यायांचेही असेच आहे. ‘नेहमी ठेवा’ म्हटले, तर काही हरवत नाही. परंतु नको ते साठते आणि खाते दुसऱ्याच्या हाती पडल्यास सारेच उघडे होते. ‘कधीही ठेवू नका’ म्हटले, तर दप्तर फुटण्याची भीती राहत नाही. परंतु नव्या दूरध्वनीवर पाटी कोरी असते. निर्दोष असा एकही पर्याय नाही. म्हणूनच कोणता पर्याय एरवीचा असावा, हा आखणीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. बहुसंख्य लोक हा नियम कधीच बदलत नाहीत. त्यांच्या वतीने तो यंत्रणा आखणाऱ्यानेच निवडलेला असतो.

आखणी करताना पाळावयाची पथ्ये

पहिले पथ्य प्रामाणिकपणाचे. वापरणाऱ्याने पसंती कळविल्यावर सर्व्हरने कोणती पसंती प्रत्यक्षात अंमलात आणली, ते उलट कळविले पाहिजे, असे या संकेतनियमात सांगितले आहे. संस्थेच्या धोरणामुळे ती मागितलेल्या पसंतीहून वेगळी असू शकते, हेही त्यात मान्य केले आहे. अर्जावर ‘मंजूर’ किंवा ‘अंशतः मंजूर’ असा शेरा यावा, तसेच हे आहे. परंतु हा शेरा सर्व्हरकडून आला तरी अ‍ॅपने तो पडद्यावर दाखविला नाही, तर वापरणारा अंधारातच राहतो.

दुसरे पथ्य मुदतीचे. ‘ठेवा’ याचा अर्थ ‘कायम ठेवा’ असा होत नाही. प्रोसोडी या नावाचा या संकेतनियमाचा एक प्रचलित सर्व्हर आहे. त्याच्या मूळ मांडणीत दप्तराची मुदत एक आठवड्याची आहे आणि चालक ती वाढवू शकतो. वापरणाऱ्याने ‘नेहमी ठेवा’ निवडले आणि आठवड्यानंतर संदेश गेला, तर दोष शब्दांचा आहे. म्हणून पसंतीच्या शेजारीच मुदत स्पष्ट लिहिलेली असावी.

तिसरे पथ्य मागील व पुढील यांतील भेदाचे. पसंती बदलली की ती त्यापुढे येणाऱ्या संदेशांना लागू होते. आज एखादे नाव ‘कधीही ठेवू नका’ या यादीत घातले, म्हणून कालपर्यंतचे संदेश पुसले जात नाहीत. ते पुसण्याची क्रिया वेगळी असते. ही गोष्ट पडद्यावर सोप्या मराठीत लिहिलेली नसेल, तर वापरणाऱ्याची खोटीच खात्री होते.

चौथे पथ्य मर्यादा सांगण्याचे. प्रत्येकाची पसंती केवळ त्याच्या स्वतःच्या दप्तराला लागू असते. समोरच्या व्यक्तीची प्रत तिच्या पसंतीने राहते. संदेशासोबत ‘हा साठवू नये’ अशी सूचना पाठविता येते. परंतु ती विनंती आहे, बंधन नव्हे. समूहातील संभाषणाचे दप्तर तर समूहाचे स्वतंत्र असते आणि त्यावर समूह चालविणाऱ्यांचे नियम चालतात. पालकांच्या समूहात एखाद्या मुलाविषयी खाजगी गोष्ट लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पाचवे पथ्य सामाईक दूरध्वनीचे. खेड्यात एक दूरध्वनी अनेकदा सारे घर वापरते. पसंती व दप्तर मात्र खात्याला जोडलेले असते, माणसाला नव्हे. ज्याच्या हाती खाते त्याच्या हाती सारे दप्तर. घरातील छळाविषयी मदत मागणाऱ्या स्त्रीने संबंधित नाव ‘कधीही ठेवू नका’ या यादीत घातले, तरी ती यादीच घरातील दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडू शकते. काय लपवावयाचे आहे, याचीच ती यादी असते. म्हणून पसंतीचे पान उघडण्यासाठी वेगळा संकेतशब्द असणे इष्ट होय. आणि हा धोका ओळखून अशा प्रसंगी प्रत्यक्ष भेट अथवा दूरध्वनीवरील बोलणे अधिक सुरक्षित ठरते.

सहावे पथ्य लिपीचे. आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडळात गुंजाळा हे गाव आहे. तेथील गोंडी हस्तलिखितांतील लिपीला जून २०१८ मध्ये युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात स्थान मिळाले. गुंजाळा गोंडी लिपीतील मजकूर आता इतर लिपींप्रमाणेच संदेश म्हणून पाठविता येतो. परंतु एखाद्या यंत्रात त्या लिपीचा टंक नसेल, तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. अशा वेळी दप्तराने मूळ अक्षरसंकेत जसाच्या तसा जपला पाहिजे. आज वाचता न येणारा मजकूर उद्या टंक मिळताच वाचता येतो. यंत्राने तो निरर्थक समजून टाकून दिला, तर कधीच येत नाही.

कार्यालयाची गोष्ट वेगळी

आतापर्यंत जे सांगितले, ते व्यक्तीच्या खाजगी दप्तराविषयी. शासकीय कामकाजाच्या संदेशांना हा न्याय लावता येत नाही. ग्रामसेवक, तलाठी किंवा मुख्याध्यापक यांनी पदाच्या नात्याने पाठविलेला संदेश हा त्यांचा वैयक्तिक ठेवा नसतो. तो ठेवावा की पुसावा, हे त्यांच्या आवडीवर सोडता येत नाही.

महाराष्ट्राच्या कार्यालयांत कागदांचे वर्गीकरण करण्याची पद्धत जुनी आहे. ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे दहा वर्षे, ‘क-१’ वर्गाचे पाच वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे एक वर्ष ठेवले जातात. विचारपूर्वक पाहिले, तर हीही एक पसंतीची यादीच आहे. फरक असा की, येथे वर्ग माणसावरून ठरत नाही, विषयावरून ठरतो. संदेशवहनाच्या संकेतनियमातील याद्या ‘कोणाचा संदेश’ एवढेच विचारतात; कार्यालयाला ‘कशाविषयीचा संदेश’ हे विचारावे लागते. एकाच अधिकाऱ्याकडून सभेच्या वेळेचा निरोप येतो आणि जमिनीच्या मोजणीचा आदेशही येतो. पहिला वर्षभराने टाकता येईल. दुसरा पिढ्यान्‌पिढ्या लागेल. म्हणून कार्यालयासाठी यंत्रणा आखताना व्यक्तींच्या याद्यांवर भिस्त न ठेवता महत्त्वाचा संदेश विषयानुसार नोंदवून संबंधित संचिकेत लावण्याची सोय असणे आवश्यक आहे.

कायद्याचाही आधार याच बाजूचा आहे. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकावर तयार झालेली सामग्रीही अभिलेखाच्या व्याख्येत येते. महाराष्ट्राने २००५ चा स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीसह नीट ठेवले पाहिजेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या जतनासाठी तीन अटी घातल्या आहेत : तो पुढे पाहता आला पाहिजे, तो मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवील अशा स्वरूपात असला पाहिजे, आणि तो कोठून, कोठे व कधी गेला, याचा तपशील त्यात असला पाहिजे. संदेशाचे नुसते छायाचित्र काढून ठेवले, तर या अटींची पूर्तता होईलच असे नाही.

दुसऱ्या बाजूने नागरिकाच्या खाजगीपणाचाही विचार करावा लागतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात आणावयाच्या आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपल्यावर, कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल तर, पुसली जावी, हे त्यातील एक प्रमुख तत्त्व आहे. जपणे आणि पुसणे ही दोन्ही कर्तव्येच आहेत. कोठे कोणते लागू, हे आधी ठरलेले असावे.

नागरिकांनी व शिक्षकांनी काय करावे?

आपल्या दूरध्वनीतील प्रत्येक संदेशसेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन जुने संदेश किती दिवस राहतात आणि राखीव प्रत कोठे जाते, हे एकदा पाहून घ्यावे. वाचता येत नसेल, तर शाळेतील शिक्षकांचे अथवा घरातील शिकलेल्या मुलामुलींचे साहाय्य घ्यावे. मात्र संकेतशब्द अथवा बँकेचा एकवेळचा संकेतांक कोणालाही सांगू नये. हे संकेतांक काम होताच निरुपयोगी होतात. ते जपण्याचे कारण नाही.

पीकखरेदी, जमिनीची नोंद, विमा, शिष्यवृत्ती आणि तक्रारीचा क्रमांक यांविषयीचे संदेश काम पूर्ण होईपर्यंत पुसू नयेत. त्यांतील क्रमांक व दिनांक वहीत उतरवून ठेवावेत. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय अशा संभाषणांसाठी बंद ठेवावी. वादाचा प्रसंग आल्यास मूळ संदेश मूळ दूरध्वनीत राहू द्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात सादर करताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ उपकरण हाती असल्यास ते काम सुकर होते.

शिक्षकांनी वर्गात या विषयाचा एक तास अवश्य घ्यावा. मुलांना दहा संदेश फळ्यावर लिहून द्यावेत. त्यांतील कोणता एक दिवस, कोणता एक वर्ष आणि कोणता कायम ठेवावा, हे त्यांना ठरवू द्यावे आणि प्रत्येकाचे कारण विचारावे. मतभेद होतील, आणि ते होणे योग्यच आहे. यंत्रणा आखणाऱ्यांनाही नेमक्या याच मतभेदांतून वाट काढावी लागते.

खाजगी संदेशाचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, सार्वजनिक कामाच्या संदेशाचा निर्णय नियमाने व्हावा आणि यंत्राने आपण काय ठेवले व काय टाकले, हे दोघांनाही स्वच्छ सांगावे. या तीन गोष्टी सांभाळल्या, तर दूरध्वनीतील दप्तरही घरातील जमिनीच्या कागदांइतकेच भरवशाचे होईल.